कोल्हापुरात नवीन आलात? आधी वाटी पुढे करायला शिका

बदलीची ऑर्डर, शिवाजी विद्यापीठातला प्रवेश, शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतली नोकरी, किंवा लग्न. या चारांपैकी एखाद्या कारणाने माणूस कोल्हापुरात येऊन पडतो आणि पहिल्याच आठवड्यात विचारतो, "इथं चांगलं जेवण कुठं मिळतं?" दहा जण दहा नावं सांगतात आणि प्रत्येक जण बाकीच्या नऊ हॉटेलांना नावं ठेवतो. अकरा वर्षांपूर्वी मी नाशिकहून आलो तेव्हा माझंही हेच झालं. राजारामपुरीच्या पाचव्या गल्लीत खोली घेतली होती आणि खिशात हॉटेलांच्या नावांची चिठ्ठी होती.

चिठ्ठी बाजूला ठेवून मी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एका घरगुती खानावळीत शिरलो. मटण ताट मागवलं. दोन वाट्या आल्या, एक लाल, एक पांढरी. पांढरी म्हणजे सोलकढीसारखं काहीतरी असेल, जेवण झाल्यावर पिऊ, असं समजून मी ती बाजूला सरकवून ठेवली. शेवटी तोंडाला लावली तेव्हा वर चरबीची साय धरली होती. गल्ल्यावर बसलेले काका मघापासून माझ्याकडेच बघत होते. न राहवून म्हणाले, "अवो पावणं, गार का करतायसा? ते आधी प्यायचं असतंय!" आणि माझी वाटी उचलून मोरीत ओतली, नवी वाफाळती वाटी पुढ्यात ठेवली.

त्या दिवसापासून माझं मत ठरलं आहे. कोल्हापूर हे पातळ पदार्थांचं गाव आहे. कट म्हणजे मिसळीवरचा रस्सा, मटणाचा तांबडा आणि पांढरा रस्सा, म्हशीचं फेसाळ दूध, काकवी: इथलं जे जे नाव घेण्यासारखं ते वाटीत, पेल्यात किंवा तांब्यात येतं. मटण, फरसाण, भाकरी ही त्याच्या सोबतीला. हे डोक्यात बसलं की कुठे जायचं आणि काय मागायचं, याचा निम्मा गोंधळ मिटतो. बाकीचा निम्मा खाली क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: घड्याळ लावून घ्या

सकाळी मिसळ, दुपारी ताट, संध्याकाळी भेळ, दिवेलागणीला दूध, रात्री पुन्हा ताट. प्रत्येक पदार्थाची वेळ ठरलेली आहे आणि ती चुकवली की निराशा पदरी पडते. नावाजलेल्या मिसळीच्या ठिकाणी दुपार कलल्यावर गेलात तर भांडी घासण्याचा आवाज ऐकून परत फिराल. खानावळीत तीन वाजता शिरलात तर तांबडा तळाला गेलेला असतो आणि त्यात पाणी घालून वेळ मारून नेलेली असते. ताटाला एकच्या आत जा, नाहीतर रात्री आठच्या सुमारास.

दुसरी पायरी: मिसळीपासून सुरुवात करा

नव्या माणसाला मी सगळ्यात आधी शिवाजी उद्यमनगरात फडतरेंकडे नेतो. मिसळ चांगली आहेच, पण तिथे नेण्याचं कारण भोवतालची वस्तीही आहे. उद्यमनगर म्हणजे लेथ, वेल्डिंग, सुट्या भागांची वर्कशॉपं. सकाळी हाताला ग्रीस लागलेला कारागीर, त्याच्या शेजारी गाडीतून उतरलेलं पुण्याचं कुटुंब आणि त्यांच्यामागे कॉलेजची पोरं अशी सगळी एकाच गर्दीत आपल्या नंबरची वाट बघत उभी असतात. रविवारी जाऊ नका. मधल्या वारी, साडेआठच्या आत पोहोचा.

मी नाशिकचा, म्हणजे मिसळीच्या बाबतीत मीही गर्वाने आलो होतो. आमच्याकडे मिसळीबरोबर पापड येतो, लादीपाव येतो, वर जिलेबीही मिळते. इथे समोर आले ते स्लाइस ब्रेडचे तुकडे. मला वाटलं, पाव संपला असेल. पण कोल्हापुरात मिसळीला ब्रेडच लागतो, आणि दोन घास खाल्ल्यावर कारण कळतं. स्लाइस कट पटकन शोषून घेते, पण बोटांत धरेपर्यंत मोडत नाही. लादीपाव कटात बुडवला की त्याचा लगदा होतो.

मिसळ समोर आली की लगेच कालवू नका. आधी चमच्याने नुसता कट चाखा. वर तवंग लाल दिसतो म्हणून घाबरू नका, तो लाल रंग बराचसा ब्याडगी मिरचीचा असतो आणि ती रंगाला जास्त, तिखटाला कमी. चांगल्या कटात तिखटाच्या आधी भाजलेल्या खोबऱ्याची आणि कांदा-लसणाची चव लागते, तिखट मागाहून येतं आणि घशात न राहता कपाळावर येतं. घसा जाळणारा कट म्हणजे कुणीतरी मिरची पूड ओतून मोकळं झालंय. नवीन असाल तर "कट कमी" असं सरळ सांगा, कुणी हसत नाही. दुसऱ्यांदा कट मागितलात की मात्र वाढणारा ओळख लक्षात ठेवतो.

फडतरे झाल्यावर कसबा बावड्याची बावडा मिसळ खा, मग खासबागेजवळची. यांत श्रेष्ठ कोण, यावर ऑफिसात मत देऊ नका. मी एकदा दिलं होतं, आठवडाभर डबा एकट्याने खाल्ला.

तिसरी पायरी: ताट कसं वाचायचं

इथे जरा थांबून सांगतो, कारण पाहुणे सगळ्यात जास्त इथेच चुकतात.

मटण ताटात साधारण सुक्कं मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी किंवा चपाती, भात, कांदा-लिंबू आणि कुठे कुठे दह्यातला कांदा असतो. स्पेशल ताटात खिमा, अंडं किंवा आणखी एखादी वाटी वाढते. दोन्ही रश्श्यांचं मूळ एकच: मटण हळद-मीठ घालून शिजवल्यावर जे पाणी उरतं ते अळणी. त्याच अळणीचे पुढे दोन फाटे फुटतात. एकात कांदा-लसूण चटणी, सुकं खोबरं, तीळ यांचं वाटण पडतं, तो तांबडा. दुसऱ्यात नारळाचं दूध, काजू नाहीतर खसखशीचं वाटण, मिरी आणि खडा मसाला, तो पांढरा.

आता ज्या गोष्टीवरून मी खानावळ ओळखतो ती सांगतो. पांढरा रस्सा जपून सांभाळावा लागतो. खळखळून उकळला किंवा पुन्हा पुन्हा गरम केला की नारळाचं दूध फाटतं. म्हणून काही ठिकाणी कॉर्नफ्लोअर लावून तो धरून ठेवतात. ओळखायची युक्ती सोपी आहे: वाटी जराशी तिरकी करा. पांढरा पाण्यासारखा सरसर सरकला पाहिजे. वाटीच्या कडेला खळीसारखा थर मागे राहिला तर तिथे फक्त सुक्कं खा आणि पुढच्या वेळी दुसरीकडे जा. स्टँडच्या बाजूला एका ठिकाणी मला इतका दाट पांढरा मिळाला होता की त्यात चमचा उभा राहिला असता. सोबतच्या मित्राने वाटीकडे बघून "ही खीर हाय" एवढंच म्हटलं आणि उठला.

खायचा क्रम असा. पांढरा आला की गरम असतानाच तोंडाला लावायचा, चमचा नको. निम्मी वाटी संपली की भाकरी तांबड्यात कुस्करायची, मध्ये मध्ये सुक्क्याचा घास. भाताला शेवटी हात लावायचा आणि त्यावर तांबडा-पांढरा दोन्ही ओतायचे. हे मिश्रण कुठल्याच मेनूकार्डावर नसतं, पण गावातला प्रत्येक माणूस शेवटचे चार घास असेच खातो.

आणि वाटी रिकामी झाली की ती पुढे करायची. बहुतेक खानावळींत रस्सा पुन्हा वाढतात, त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. मटण मागून मिळत नाही. हा भेद न कळल्याने नवखा माणूस मटणाच्या तुकड्यांकडे बघत बसतो आणि अर्धपोटी उठतो. शेजारच्या टेबलावरचा माणूस त्याच पैशात चार वाट्या रस्सा ओरपून ढेकर देतो.

जागांची नावं सांगायची तर लक्ष्मीपुरीतलं पद्मा गेस्ट हाऊस मला सगळ्यात आवडतं. फार सजावट नाही, वाढणं झपाझप. आईवडील आले, जरा ऐसपैस बसायचं असेल तर ओपल. मित्रांबरोबर देहाती किंवा पारख. पण खरं सांगू? तुम्ही राहता त्या गल्लीतली घरगुती खानावळ शोधा. बाहेर पाटी साधीच असते, आत पाच-सहा टेबलं असतात, आणि स्वयंपाकघरातून घरातल्याच बाईंचा आवाज येतो. तिथे तिसऱ्या खेपेला तुम्हाला न विचारता पांढरा आधी येतो.

"व्हेज कोल्हापुरी" हे नाव बाहेरच्या मेनूकार्डांवरचं, इथलं नव्हे. ती मागू नका, हे सांगायची गरज नाही असं धरून चालतो.

चौथी पायरी: मटण खात नसाल तर

उपाशी राहणार नाही, पण रस्त्यावरच्या पाट्या वाचून तसं वाटेल. भाकरी, झुणका, भरलं वांगं आणि खर्डा मिळेल तिथे खा. खर्डा म्हणजे इतर ठिकाणचा ठेचा, हिरव्या मिरचीचा, दाण्याचं कूट घातलेला. त्याच्या जोडीला दही नसेल तर मागून घ्या, इथे तो लाड समजत नाहीत. इस्लामपूर-पेठच्या बाजूचा अख्खा मसूर आता कोल्हापूरच्या ढाब्यांवरही सर्रास मिळतो, रोटीबरोबर रात्रीच्या जेवणाला चांगला. आणि मिसळ तर आहेच.

पाचवी पायरी: संध्याकाळ खासबागेत, रात्र दूध कट्ट्यावर

खासबाग कुस्ती मैदान शाहू महाराजांनी बांधलं. त्याला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह, 2024 च्या आगीत ते जळालं तेव्हा अख्खं गाव हळहळलं होतं. या परिसरात संध्याकाळी गाड्या लागतात आणि राजाभाऊंची भेळ इथलीच. चटकदार, आंबट-तिखट. कागदात घेऊन उभ्या उभ्या खायची, बसायला जागा शोधण्यात भेळ मऊ पडते.

नंतर गंगावेशीत चालत जा. दूध कट्टा म्हणजे काय, हे मला कुणी सांगून पटलं नसतं. दिवेलागणीला रस्त्याकडेला म्हशी बांधलेल्या असतात. तुम्ही उभे राहता, मालक बादली लावून समोर धार काढतो आणि पेल्यात फेसासकट दूध देतो. पेला हाताला कोमट लागतो. ओठावर फेसाची मिशी येते. शेजारी तालमीतून आलेला पोरगा एका दमात लिटरभर संपवून मिशी पुसत निघून जातो. गावात पेठापेठांतून तालमी आहेत, आणि पैलवानांच्या खुराकातूनच दूध-थंडाईची ही चाल पडली.

एक सावधगिरी. हे दूध न तापवलेलं असतं. लहान मूल, गरोदर बाई, नुकतंच दुखण्यातून उठलेलं माणूस यांनी ते पिऊ नये. घरी नेऊन उकळून प्यावं. तुमचं पोट पिशवीतल्या दुधाला सरावलेलं असेल तर पहिल्या दिवशी अर्धा पेलाच घ्या. मी पूर्ण घेतला होता. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकावी लागली.

गोड हवं असेल तर सोळंकींचं कॉकटेल. नाव ऐकून माझ्या सासूबाई दारातच थबकल्या होत्या. आइस्क्रीम आणि फळांचा तो प्रकार आहे, बाकी काही नाही. रंकाळ्याच्या चौपाटीबद्दल फार लिहीत नाही. वारा छान असतो, खाणं ठीक.

सहावी पायरी: वार आणि महिने लक्षात ठेवा

रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर रांग दिसली तर अपघात-बिपघात झाला असं समजू नका. बुधवार, शुक्रवार, रविवार हे इथले मांसाहाराचे वार, आणि त्यांत रविवार सगळ्यात वरचा. सोमवार, गुरुवार, शनिवारी घराघरात आणि बऱ्याच खानावळींतही हात आखडता असतो, त्या दिवशी ताजं मटण मिळेल अशी खात्री धरू नका. मटणावर या गावाचा जीव किती, तर 2019 च्या अखेरीला दर वाढले तेव्हा इथे चक्क आंदोलन झालं, बैठका झाल्या. दुसऱ्या कुठल्या शहरात हा विषय पहिल्या पानावर आला असता असं मला वाटत नाही.

आषाढात आलात तर मजा आहे. पंचगंगेला नवं पाणी येतं, ते कलशातून टेंबलाईच्या टेकडीवर त्र्यंबोली देवीला वाहायला पेठापेठांतली मंडळं निघतात, पुढे "पी ढबाक" हे पारंपरिक वाजप वाजत असतं, आणि त्या दिवशी घरोघरी मटण शिजतं. या महिन्यात ओळखीचा कुणीतरी तुम्हाला जेवायला बोलावतोच. बोलावलं नाही तर तुमची ओळख अजून कच्ची आहे असं समजा. पुढे श्रावणात सगळं शांत होतं. बाहेरगावच्या पाहुण्यांना रस्सा खायला घालायचा असेल तर तो महिना टाळा.

दिवाळीनंतर गुऱ्हाळं पेटतात. कोल्हापूरच्या गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि शाहूपुरीची गुळाची बाजारपेठ 1895 ची, शाहू महाराजांनी वसवलेली. पण गूळ दुकानातून आणण्याआधी एकदा तरी गुऱ्हाळावर जा. दुचाकी काढा, शहराबाहेर उसाच्या पट्ट्यात शिरा, धूर दिसेल तिकडे वळा. आवारात शिरलात की चिपाडांचा ढीग, खाली चुलवण आणि वर भलीमोठी काहील. रस उकळताना वर मळी येते, ती भेंडीचं पाणी घालून काढतात. गुळव्या काहिलीकडे टक लावून उभा असतो. थोडा पाक पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळते का बघतो, आणि वळली की एका हाकेसरशी काहील वाफ्यात, म्हणजे गूळ थंड करायच्या हौदात, रिती होते. गूळ व्हायच्या जरा आधीची जी पातळ अवस्था, ती काकवी. बाटली बरोबर न्या, मागितली तर मिळते. गरम गुळात शेंगदाणे बुडवून खायचे असतील तर तेही बरोबर न्या. पैसे देऊ केले तर काही जण घेत नाहीत, तेव्हा निदान दोन ढेपा विकत घेऊन निघा.

सातवी पायरी: चटणी घरी आणा

इथे "चटणी" म्हटलं की खोबऱ्याची किंवा पुदिन्याची डोळ्यासमोर आणू नका. चटणी म्हणजे कांदा-लसूण घालून कांडलेला लाल मसाला, आणि तो वर्षाचा एकदाच होतो. एप्रिल-मे आला की गल्लीगल्लीतून डंकाचा, म्हणजे मिरची कांडायच्या यंत्राचा, धाड् धाड् आवाज येतो, आणि तिथून जाताना नाकात अशी झिणझिणी येते की दुचाकीवाले रुमाल बांधतात. संकेश्वरी तिखटाला, ब्याडगी रंगाला, हे प्रमाण घरागणिक वेगळं आणि गुपित. लक्ष्मीपुरीच्या बाजारात मिरची घ्यायला शेजारच्या काकूंबरोबर जा, त्या देठ मोडून वास घेतात, मिरची हातात खुळखुळवतात आणि ओलसर वाटली की पोतं तसंच सोडून पुढे जातात. पहिल्या वर्षी स्वतः कांडायच्या भानगडीत पडू नका. कुणाच्या तरी चटणीत एक किलोचा वाटा मागा.

आठवी पायरी: गावाबाहेर दोनच ठिकाणं

पन्हाळा 20 किलोमीटरवर. किल्ला बघून झाला की झुणका-भाकरी, खर्डा, दही घेऊन बसलेल्या बायका दिसतील. धुक्यात, चुलीजवळ बसून ती भाकरी खा, हॉटेलात शिरू नका. दुसरं नृसिंहवाडी, म्हणजे इथल्या बोलण्यात नुसती "वाडी". दत्ताचं दर्शन झालं की बासुंदी, कंदी पेढे आणि कवठाची बर्फी. बर्फी आंबट-गोड असते, सगळ्यांना आवडत नाही. मला आवडते.

शेवटची पायरी: घरी बोलावलं तर

"जेवाय या की" हे कोल्हापुरात सहज म्हणतात, पण ते खोटं नसतं. दोनदा म्हटलं तर जा. दुपारी काही खाऊ नका. जाताना केक-बिक नेऊ नका, अर्धा किलो पेढे पुरे. पंगत लागली की पांढऱ्याची वाटी आधी येईल, ती लगेच संपवा, कारण ती संपेपर्यंत घरातलं माणूस तुमच्याकडेच बघत उभं असतं.

दुसऱ्या वाटीनंतर पोट भरलं की वाटीवर तळहात आडवा धरायचा, असं मला शिकवलं होतं. शिवाजी पेठेतल्या एका घरी मी तसा धरला. आजी रश्श्याचा डाव घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "हात भाजंल बाळा," म्हणाल्या, आणि डाव कलता करू लागल्या. मी हात काढला.